वाचक विचारतात : पॅराशूट कसं उघडतं आणि कुठे अडतं

या महिन्याच्या पत्रांत पॅराशूटविषयीची पत्रं खूप आली. गगनयानच्या चाचण्या, सुट्टीतलं मालवणचं पॅरासेलिंग आणि शाळांची विज्ञान प्रदर्शनं, असं तिन्हीकडून कुतूहल जागं झालेलं दिसतं. एकसारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : रुईची म्हातारी वाऱ्यावर तरंगते, तेच पॅराशूटचं तत्त्व का? आणि पावसाळी छत्री धरून गच्चीवरून उडी मारली तर?
– इयत्ता नववीतला विद्यार्थी, कराड

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी, कारण ते जिवाशी आहे. एक मीटर व्यासाची छत्री आणि ६० किलोचा माणूस असा हिशेब मांडू. सहा मीटर उंच गच्चीवरून छत्रीशिवाय पडलं तर जमिनीवर आदळताना वेग असतो ताशी ३९ किलोमीटर. छत्री धरून पडलं तर ३८. छत्रीच्या काड्या उलट्या झाल्या नाहीत असं धरून हे गणित आहे, आणि कोकणातल्या पावसात छत्री किती टिकते ते आपल्याला माहीत आहे. तेव्हा हा प्रयोग कोणीही, कधीही करायचा नाही.

तत्त्व मात्र तेच. पडणाऱ्या वस्तूला हवा अडवते आणि वेग दुप्पट झाला की हा अडथळा चौपट होतो. अडथळा वजनाइतका झाला की वेग वाढायचा थांबतो. पोटावर आडवा पडणारा माणूस दहा-बारा सेकंदांत ताशी १९०-२०० किलोमीटरला पोचतो आणि मग त्याच वेगानं पडत राहतो. हा वेग दहापट कमी करायचा तर अडथळा शंभरपट वाढवावा लागतो, म्हणून एवढं कापड लागतं. रुईचं बी काही मिलिग्रॅमचं असतं, त्याला चिमूटभर केसांचा झुबका पुरतो. माणूस आणि सामान मिळून १०० किलो असतील तर १० मीटर व्यासाची गोल छत्री त्यांना सेकंदाला साधारण ५ मीटर वेगानं उतरवते. साडेचार फुटांच्या कट्ट्यावरून उडी मारल्यावर पायाला जेवढा हिसका बसतो, तेवढाच इथे बसतो.

प्रश्न : गोल पॅराशूटच्या डोक्यावर भोक का ठेवतात? हवा अडवायची असताना ती जाऊ का द्यायची?
– निवृत्त शिक्षक, वाई

उत्तर : कारण अडवलेली हवा कुठून तरी बाहेर पडणारच. डोक्यावर वाट नसेल तर ती काठाखालून सांडते, एकदा या बाजूनं, एकदा त्या बाजूनं. प्रत्येक वेळी छत्री विरुद्ध बाजूला ढकलली जाते आणि खालचा माणूस घड्याळाच्या लंबकासारखा झोके खातो. फ्रान्सच्या आंद्रे-जाक गार्नेराँ यांनी २२ ऑक्टोबर १७९७ रोजी पॅरिसमध्ये फुग्यातून सुमारे एक हजार मीटरवरून उडी घेतली. त्यांच्या छत्रीला भोक नव्हतं. ते जिवंत उतरले, पण सगळा वेळ भयंकर हेलकावे खात. पुढे खगोलशास्त्रज्ञ लालांद यांच्या सूचनेवरून डोक्यावर वाट ठेवली गेली. क्षेत्रफळाच्या जेमतेम एक टक्का भोक असलं तरी मधून हवेचा सरळ झोत वर जातो आणि छत्री थाऱ्यावर येते. उघडतानाचा पहिला दणकाही त्यामुळे थोडा सौम्य होतो.

प्रश्न : हौशी लोक चौकोनी पॅराशूटनं नेमके ठरलेल्या जागी उतरतात. मग लष्करात अजून गोल पॅराशूट का? छत्रीधारी सैनिक उडी मारतात तेव्हा क्रमानं काय घडतं?
– वाचक, बेळगाव

उत्तर : दोघांची कामं वेगळी आहेत. चौकोनी दिसतं ते खरं तर कापडी पंख आहे. वर एक कापड, खाली एक कापड, मध्ये सात किंवा नऊ कप्पे, आणि कप्प्यांची तोंडं पुढून उघडी. पुढे सरकताना त्यांत हवा भरते आणि पंखाचा आकार ताठ राहतो. हा पंख खाली उतरतोच, शिवाय ताशी ३५-४० किलोमीटर वेगानं पुढेही जातो. म्हणून तो वळवता येतो, आणि म्हणूनच चुकीच्या हातात धोकादायक ठरतो. शंभर जणांनी एकाच वेळी कमी उंचीवर, कदाचित अंधारात, पाठीवर-पायाशी ओझं बांधून उतरायचं असेल तेव्हा प्रत्येक जण आपल्या मर्जीनं वळू लागला तर टकरा होतील. गोल छत्री सगळ्यांना वाऱ्याबरोबर एकाच दिशेनं नेते आणि तिला कौशल्य कमी लागतं.

तिच्या उडीचा क्रम ठरलेला आहे. विमानात डोक्यावर पोलादी तार असते. सैनिक आपल्या पाठीवरच्या गाठोड्याची पट्टी, म्हणजे स्टॅटिक लाइन, त्या तारेला अडकवतो आणि पुढच्याची पट्टी नीट आहे का ते तपासतो. दाराबाहेर पडल्यावर चार-पाच मीटरची ती पट्टी ताणली जाते आणि तीच छत्री बाहेर खेचते. सैनिकाला काही ओढावं लागत नाही. हनुवटी छातीला टेकवून त्यानं चारपर्यंत मोजायचं. तोवर हिसका बसला नाही तर छातीवरची राखीव छत्री उघडायची. हिसका बसला की वर बघून कापड पूर्ण फुगलंय का, दोऱ्या गुंतल्यात का ते पाहायचं, मग चौफेर नजर टाकायची. दुसऱ्याच्या बरोबर वर जाणं टाळायचं, कारण खालच्या छत्रीमागची हवा विस्कटलेली असते. वरची छत्री तिच्यात शिरली की भप्पकन मिटते.

उडी साधारण हजार ते साडेबाराशे फुटांवरून असते, त्यामुळे मिनिटभरात जमीन येते. लष्करी ओझ्यासह उतरण्याचा वेग सेकंदाला साडेसहा-सात मीटरपर्यंत जातो, म्हणजे सात-आठ फुटांच्या भिंतीवरून उडी. म्हणून पाय आणि गुडघे घट्ट जुळवून, किंचित वाकवून, चवड्यांवर टेकायचं आणि लगेच बाजूला कलंडायचं: चवडा, पोटरी, मांडी, कुल्ला, मग पाठीची बाजू. धक्का पाच ठिकाणी वाटला जातो. पाय फाकवून किंवा ताठ ठेवून टेकलं की घोटा जातो. आग्र्याच्या प्रशिक्षण शाळेत विमानातून पहिली उडी घेण्याआधी हे कलंडणं जमिनीवर असंख्य वेळा करून घेतात. त्यानंतर पाच उड्या, त्यांतली एक रात्रीची, झाल्या की छातीवर पंखांचा बिल्ला लागतो.

तुम्ही बेळगावचे, म्हणून एक गोष्ट आवर्जून. मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी पलटण पुढे पॅराशूट रेजिमेंटमध्ये '२ पॅरा (मराठा)' झाली. ११ डिसेंबर १९७१ रोजी टांगाईलजवळ उतरून पुंगली पूल ताब्यात घेणारी, आणि उत्तरेकडून ढाक्याकडे माघार घेणाऱ्या पाकिस्तानी फौजेची वाट अडवणारी पलटण तीच. पॅकेट, डाकोटा, कॅरिबू आणि एएन-१२ अशी वेगवेगळ्या वेगांची विमानं त्या दुपारी एकाच मैदानावर माणसं आणि तोफा सोडत होती. हे जुळवून आणणंच फार मोठं काम होतं.

प्रश्न : 'पॅराशूटचं कापड' म्हणून बाजारात मिळतं, त्यातून खरं पॅराशूट शिवता येईल का?
– शिवणकाम व्यावसायिक, इचलकरंजी

उत्तर : नाही. पिशव्या आणि जर्किनसाठी मिळतं ते आतून लेप दिलेलं साधं नायलॉन किंवा पॉलिएस्टर. त्याला टाचणीएवढं छिद्र पडलं आणि ताण आला की चीर सरसर शेवटपर्यंत जाते. खऱ्या पॅराशूटच्या कापडात दर काही मिलिमीटरवर जाड धागा उभा-आडवा विणलेला असतो. उजेडासमोर धरलं की चौकड्या दिसतात. चीर त्या धाग्याशी येऊन थांबते. वजन चौरस मीटरला चाळीस ग्रॅमच्या आत-बाहेर, म्हणजे मलमलीसारखं हलकं. शिवण चारपदरी दुमडीची, धागा नायलॉनचाच, आणि दर इंचाला टाके किती हेही ठरलेलं.

आधी हे काम रेशीम करायचं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेला जपानी रेशीम मिळेनासं झालं, तेव्हा नायलॉन आलं आणि १९४२ मध्ये एडलिन ग्रे यांनी नायलॉनच्या पॅराशूटनं उडी घेऊन ते चालतं हे दाखवून दिलं. नायलॉनचे शत्रू तीन: ऊन, आम्ल आणि घर्षणाची उष्णता. उन्हात ठेवलेलं कापड दिसायला नवं आणि आतून कुजकं होतं. बॅटरीतल्या आम्लाचा थेंब पडला तर तो भाग बाद. समुद्रात भिजलं तर गोड्या पाण्यात खळबळून सावलीत वाळवावं लागतं, नाहीतर मिठाचे स्फटिक धागे कापतात.

प्रश्न : हौशी उडीत पाठीवरच्या एवढ्याशा पिशवीतून एवढं पॅराशूट कसं बाहेर येतं? ते घडी कोण घालतं, कशी घालतात?
– महाविद्यालयीन विद्यार्थिनी, नाशिक

उत्तर : ते 'फट्' करून एकदम उघडतं असा बऱ्याच जणांचा समज आहे. तसं उघडलं तर माणूस वाचणार नाही. सेकंदाला ५५ मीटरचा वेग ६ मीटरवर तीन सेकंदांत आला तर १०० किलोच्या उडीकराच्या पट्ट्यांवर पावणेतीनशे किलोचा ताण येतो, तो सोसतो. तेच ०.३ सेकंदात झालं तर साडेसतराशे किलोचा. त्यामुळे या यंत्रणेतली प्रत्येक गोष्ट उघडणं लांबवण्यासाठी आहे.

उडीकर पाठीमागच्या खिशातून मुठीएवढी गुंडाळलेली लहान छत्री, पायलट शूट, काढून बाजूच्या वाऱ्यात फेकतो. तिला जोडलेली पट्टी ताणली की पिशवी बंद ठेवणारी वाकडी पिन निघते. पिशवीतून आणखी एक पिशवी बाहेर येते, तिच्यात मुख्य छत्री. आधी दोऱ्या रबरबँडांतून एकेक करून सुटतात आणि पूर्ण ताणल्यावरच आतलं कापड बाहेर येतं. हा क्रम उलटा झाला, म्हणजे दोऱ्या ताणायच्या आधी कापड सुटलं, तर जबर हिसका बसतो. यानंतर स्लायडरचं काम. हा रुमालाएवढा चौकोनी तुकडा असतो, चार कोपऱ्यांत चार धातूच्या कड्या, आणि त्या कड्यांतून सगळ्या दोऱ्या ओवलेल्या. छत्री फुगू पाहते, स्लायडर वाऱ्यानं वर दाबला जातो आणि दोऱ्या एकत्र धरून ठेवतो. दोघांची ही ओढाताण दोन-तीन सेकंद चालते, मग स्लायडर हळूहळू खाली उतरतो. पायलट शूट फेकल्यापासून इथपर्यंत दोन-अडीचशे मीटर उंची खर्च होते. म्हणून परवानाधारक उडीकरसुद्धा अडीच-तीन हजार फुटांच्या खाली पायलट शूट धरून बसत नाही.

मुख्य छत्रीची घडी उडीकर स्वतः किंवा पॅकर घालतो. सरावलेल्या हाताला पंधरा-वीस मिनिटं लागतात. कामाचा गाभा असा. दोऱ्या मुळापासून टोकापर्यंत हातानं चाचपत जायचं, एकही दुसरीवर चढलेली नको. दोन्ही ब्रेक, म्हणजे छत्री वळवायच्या दोऱ्या, त्यांच्या ठरलेल्या खुणेवर अडकवायचे. एक अडकवला आणि एक राहिला तर छत्री उघडताक्षणी गरगर फिरते. कप्पे एकावर एक घडी करून पुढची तोंडं आत ठेवायची. स्लायडर पार वर, त्याच्या अडथळ्यांना टेकेपर्यंत. तो बोटभर जरी खाली राहिला तरी पुढची उडी दणकट लागणार हे ठरलेलं. मागचा काठ सगळ्याभोवती गुंडाळून, आतली हवा गुडघ्यांनी हळूहळू दाबून काढत, इंग्रजी एस अक्षरासारख्या घड्या घालून पिशवीत. दोऱ्या रबरबँडांत, प्रत्येक फास पाच-सहा सेंटिमीटरचा. फास लहान पडला तर सुटतो, रबर सैल असेल तर सगळ्या दोऱ्या एकदम बाहेर पडतात.

शेवटी एक गोष्ट जी घाईत विसरली जाते. उघडून झालं की पायलट शूट आपोआप चपटं होतं, म्हणजे मागे लोढणं होत नाही. घडी घालताना त्याच्या आतली दोरी ओढून ते पुन्हा 'जिवंत' करावं लागतं. पट्टीवर एक बारीक खिडकी असते, तिच्यात रंगीत खूण दिसली म्हणजे झालं. खूण दिसली नाही आणि तसंच भरलं, तर उडीत ते चिंधीसारखं मागे फडफडत राहतं आणि पिन निघत नाही.

राखीव छत्रीला उडीकर हात लावत नाही. ती परवानाधारक रिगर बांधतो, सील करतो आणि तारीख-सहीची चिठ्ठी ठेवतो. अमेरिकी नियमांत ही मुदत १८० दिवसांची आहे. राखीव वापरली असो वा नसो, मुदत संपली की उघडून तपासून पुन्हा बांधायची.

प्रश्न : आणि तरीही उघडलं नाही तर? वरच्या वर ठरवायला वेळ कुठे असतो?
– वाचक, ठाणे

उत्तर : वेळ मोजून मिळतो. छत्री नसताना अडीच हजार फुटांवर चौदा सेकंद असतात, हजार फुटांवर साडेपाच. म्हणून निर्णय जमिनीवरच घेऊन ठेवायचा असतो. वर गेल्यावर फक्त अमलात आणायचा. विद्यार्थ्यांना शिकवतात की अडीच हजार फुटांपर्यंत छत्री चौकोनी, स्थिर आणि वळणारी झाली नसेल तर ती सोडून राखीव उघडायची. हजार फुटांखाली सोडत बसायचं नाही, सरळ राखीव ओढायची.

बिघाड दोन जातींचे. एकात काहीच बाहेर येत नाही, किंवा पिशवी बाहेर येऊन बंदच राहते. दुसऱ्यात छत्री असते पण धड नसते. दोऱ्यांना पीळ पडणं सर्वांत नेहमीचं. उघडताना एक खांदा खाली असला किंवा पाय वाकडा झाला की पिशवी फिरत वर जाते. छत्री सरळ उडत असेल तर खांद्यांवरचे पट्टे हातांनी फाकवायचे आणि पिळाच्या उलट दिशेनं पाय झाडत स्वतःला फिरवायचं. छत्री गिरक्या घेऊ लागली असेल तर यात वेळ घालवायचा नाही, कारण प्रत्येक गिरकीला उंची झपाट्यानं जाते. स्लायडर वर अडकला असेल तर ब्रेक सोडून, दोन्ही पूर्ण खाली ओढून दोन-तीनदा झटके. एखादी दोरी छतावरून आडवी गेली असेल तर छत्रीचे दोन डोंगर दिसतात. ती सहसा सुटत नाही. सोडायची.

सोडण्याची युक्ती तीन कड्यांची आहे, अमेरिकेच्या बिल बूथ यांनी १९७० च्या दशकात काढलेली. मधली कडी मोठ्या कडीतून, लहान कडी मधल्या कडीतून, आणि लहान कडी एका दोऱ्याच्या फासानं धरलेली. प्रत्येक कडीगणिक ताण कितीतरी पटीनं उतरत जातो. खांद्यावर शेकडो किलो लटकत असताना तो शेवटचा फास हातानं ओढून सोडता येतो तो यामुळेच. उजवी मूठ ओढली की मुख्य छत्री सुटते, लगेच डावी ओढली की राखीव येते. क्रम उलटा झाला तर दोन्ही छत्र्या एकमेकींत गुंतण्याचा धोका. माणूस बेशुद्ध झाला किंवा उंचीचं भान सुटलं तर एक लहानसं यंत्र हवेच्या दाबावरून उंची आणि वेग मोजून राखीवची गाठ स्वतः कापतं. अनुभवी उडीकराचं यंत्र साधारण ७५० फुटांवर, विद्यार्थ्याचं त्याच्या वर. ते शेवटचा आधार आहे. त्याच्या भरवशावर उशीर करणं हा गुन्हा मानावा, इतकं हे आम्हाला महत्त्वाचं वाटतं.

प्रश्न : चांद्रयान-३ ला पॅराशूट का नव्हतं? आणि गगनयानला दहा का?
– अनेक वाचक

उत्तर : चंद्रावर हवा नाही, म्हणून पॅराशूट तिथे नुसतं लोंबकळणारं कापड. विक्रमला इंजिनांच्या जोरावरच उतरावं लागलं. मंगळावर हवा आहे पण फार विरळ. नासाच्या पर्सिव्हरन्सची २१.५ मीटर व्यासाची छत्री यानाला ताशी सुमारे ३२० किलोमीटरपर्यंतच आणू शकली, बाकीचं काम रॉकेटांनी केलं. पृथ्वीवरही फरक पडतो. साडेपाच हजार मीटरवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या ५७ टक्के असते, त्यामुळे तीच छत्री तेच ओझं घेऊन एक तृतीयांश अधिक वेगानं उतरते. सियाचीनसारख्या ठिकाणी सामान टाकताना हे गणित आधी करावं लागतं.

गगनयानच्या दहा छत्र्या एकाच वेळी उघडत नाहीत. पहिल्या दोन, अंतराळवीर बसतात त्या कुपीच्या डोक्यावरचं झाकण ओढून काढतात. मग सुमारे ५.८ मीटर व्यासाच्या दोन ड्रोग छत्र्या कुपी स्थिर करून वेग कमी करतात आणि गळून पडतात. पुढच्या तीन लहान छत्र्या प्रत्येकी एक मुख्य छत्री बाहेर खेचतात. मुख्य तीन, प्रत्येकी २५ मीटर व्यासाची, आणि त्याही टप्प्याटप्प्यानं फुगतात. काठ आधी दोरीनं आवळलेला असतो, काही सेकंदांनी छोट्या स्फोटक कात्र्या ती दोरी कापतात. तीनपैकी दोन उघडल्या तरी अंतराळवीर सुखरूप उतरावेत अशी रचना आहे. १८ नोव्हेंबर २०२२ रोजी झाशीजवळच्या बबिना मैदानावर आयएल-७६ विमानातून पाच टनांचं ओझं अडीच किलोमीटरवरून सोडलं, ते एक मुख्य छत्री उघडलीच नाही असं गृहीत धरून. छत्र्या आग्र्याच्या डीआरडीओ प्रयोगशाळेबरोबर तयार झाल्या आहेत.

प्रश्न : प्रवासी विमानात सर्वांना पॅराशूट का देत नाहीत?
– वाचक, नागपूर

उत्तर : बहुतेक अपघात उड्डाणाच्या किंवा उतरण्याच्या वेळी होतात, तेव्हा उंचीच नसते. उंचीवर असताना आतल्या दाबामुळे दार उघडत नाही. उघडलं तरी बाहेर ताशी आठशे-नऊशे किलोमीटरचा वारा, उणे पन्नास अंश थंडी आणि श्वासाला पुरेसा प्राणवायू नाही. दोनशे अनभिज्ञ माणसांना पट्टे बांधून दाराशी आणायला लागणारा वेळ वेगळाच. चार-पाच आसनांच्या काही छोट्या विमानांत मात्र अख्ख्या विमानासाठी एक छत्री असते, रॉकेटनं बाहेर फेकली जाणारी, आणि तिनं खरोखर जीव वाचवले आहेत.

प्रश्न : मालवणला आणि गोव्याला पॅरासेलिंग करतो. बसण्याआधी काय बघावं? दोर तुटला तर पॅराशूट आहेच ना?
– एक कुटुंब, कोल्हापूर

उत्तर : दोर तुटला तर तुम्ही खाली आदळत नाही, हे खरं. खरा धोका आडव्या वेगाचा आहे. या छत्रीला तुम्ही वळवू शकत नाही, वारा नेईल तिकडे ती जाते. शंभर मीटर उंचीवरून उतरायला वीस-पंचवीस सेकंद लागतात आणि ताशी २५ किलोमीटरच्या वाऱ्यात तेवढ्यात तुम्ही दीडशे मीटरहून जास्त सरकता. तिथे पाणी असेल तर भिजाल. वीजतारा, माड किंवा हॉटेलची भिंत असेल तर जिवावर बेतेल. म्हणून बोट किनाऱ्यापासून पुरेशी लांब आहे का आणि वारा किनाऱ्याकडे वाहतोय का, हे आधी बघा.

समुद्रावर सगळीकडे पांढरे तुरे फुटताना दिसले की वारा ताशी वीस किलोमीटरच्या वर गेला असं समजा आणि त्या दिवशी बसू नका, पैसे दिले असले तरी. दूरवर काळा ढग उभा राहत असेल तरीही नाही. दोर पाहायला मागा. दोर सहसा गाठीपाशी तुटतो. कुठलीही गाठ दोराची ताकद तिसऱ्या हिश्श्यानं किंवा त्याहून जास्त घटवते, आणि तोच भाग रोज मिठात, उन्हात, वाळूत घासला जातो. चांगला चालक टोकाचा काही भाग नियमित कापून नवी गाठ मारतो. गाठीजवळ दोर केसाळ झालेला, कडक पडलेला किंवा चपटा दिसला तर उतरा. जीवरक्षक जाकीट अंगात असलं पाहिजे, नुसतं बोटीत नव्हे. पट्ट्यांचे बकल तुम्ही स्वतः ओढून बघा. आणि पाण्यात पडलात तर आधी छत्रीपासून सुटा, कारण वाऱ्यानं फुगलेली छत्री पाण्यातून फरफटत नेते.

प्रश्न : विज्ञान प्रदर्शनासाठी मुलांना कच्चं अंडं न फुटता खाली उतरवायचं आहे. आमची छत्री एकतर उघडत नाही किंवा गरगरते. मापं सांगाल का?
– शिक्षिका, चिपळूण

उत्तर : अंडं, कागदी पेला आणि कापूस मिळून १०० ग्रॅम धरा. छत्री ५५ सेंटिमीटर व्यासाची केली तर वेग सेकंदाला ३ मीटर येतो, म्हणजे दीड फुटावरून अंडं सोडल्यासारखं. ८० सेंटिमीटर केली तर २ मीटर, म्हणजे वीतभर उंचीवरून. कापसाचा थर असेल तर ८० पुरे.

कचऱ्याची मोठी पातळ पिशवी उकलून चौकोन करा. मधून दुमडा, पुन्हा मधून, मग तिरकी एकदा, म्हणजे पंख्यासारखी पाचर तयार होते. टोकापासून ४० सेंटिमीटरवर कमानीत कापा. टोकाचा ४ सेंटिमीटरचा कोपराही कमानीत कापून टाका, तेच डोक्यावरचं भोक. तुमचं गरगरणं, झोके खाणं बरंचसं यानंच थांबेल. उलगडल्यावर घडीच्या आठ रेषा दिसतात. प्रत्येक रेषेच्या काठाशी दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावून मग छिद्र पाडा, नुसतं प्लॅस्टिक फाटतं. गोधडी शिवायचा जाड सुती दोरा घ्या, प्रत्येकी एक मीटरचे आठ तुकडे. नायलॉन मांजा अजिबात नको, त्यावर बंदी आहे आणि बोटंही कापतात. सगळे दोरे बांधल्यावर छत्रीची पाचर पुन्हा घालून आठही दोरे एकत्र ताणा, आणि ताण सारखा असतानाच खाली एकच गाठ मारा. एक दोरा दोन बोटं आखूड राहिला तरी छत्री एका अंगाला पळते.

न उघडण्याचं कारण बहुधा घडीत असतं. मुलं दोरे छत्रीभोवती गुंडाळतात, तिथेच चुकतं. डोक्याच्या भोकाला धरून छत्री लोंबू द्या, हातानं सारखी करा, नागमोडी दोन-तीन घड्या घाला आणि दोरे वेगळे, खाली लोंबते ठेवा. प्लॅस्टिकचे पदर एकमेकांना चिकटत असतील तर आतून टाल्कम पावडर भुरभुरवा. उघडायला दोन-तीन मीटर जातात, म्हणून उंची निदान दुसऱ्या मजल्याची हवी, आणि कठड्याशी मोठं माणूस हवं.

आधी अंड्याच्या वजनाचा बटाटा चार-पाच वेळा सोडा आणि मोबाइलवर वेळ मोजा. आठ मीटरवरून चार सेकंदांच्या आसपास लागले तर जमलं. फलकासाठी एक चांगला प्रयोगही यातच आहे: ओझं दुप्पट करा, वेग दुप्पट होत नाही, १.४ पट होतो. चौपट करा, मग दुप्पट होतो. मुलांना हे आधी सांगू नका, त्यांना आलेख काढू द्या. आणि अंडं पेल्यात आडवं न ठेवता उभं ठेवा, टोकदार बाजू खाली, तळाशी दोन बोटं कापूस.